सोलापुरातील खासगी दवाखान्यांत परिचारिकेची भूमिका आणि कामाच्या मर्यादा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात बहुतेक माणसांचा वैद्यकीय सेवेशी पहिला संबंध मोठ्या रुग्णालयात येत नाही. तो पेठेतल्या किंवा वसाहतीतल्या एका डॉक्टरच्या दवाखान्यात येतो. तिथे केस पेपर काढण्यापासून इंजेक्शन देण्यापर्यंत रुग्णाच्या सर्वांत जवळ जी व्यक्ती असते, तिला सगळे ‘सिस्टर’ म्हणतात. मात्र तिचे शिक्षण काय, तिने काय करावे, काय करू नये आणि चूक झाली तर उत्तर कोणी द्यावे, याविषयी स्पष्ट बोलणे क्वचितच होते. पुढील प्रश्न रुग्ण, नातेवाईक, नव्याने कामाला लागलेल्या परिचारिका आणि दवाखाना चालवणारे डॉक्टर या सर्वांकडून वरचेवर येतात. ही माहिती मुख्यतः बाह्यरुग्ण दवाखान्यांसाठी आहे. खाटा असलेल्या नर्सिंग होमचा उल्लेख गरजेपुरताच केला आहे.

दवाखान्यात ‘सिस्टर’ म्हणून काम करणारी प्रत्येक व्यक्ती परिचारिका असते का?

नाही. नर्सिंगचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करून राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेली व्यक्तीच परिचारिका होय. अनेक छोट्या दवाखान्यांत मात्र दहावी किंवा बारावी झालेली आणि डॉक्टरांच्या हाताखाली पाहून पाहून शिकलेली मुलगी हे काम करत असते. काही जणींनी काही महिन्यांचा रुग्णसेवा सहायकाचा वर्ग केलेला असतो. या मुली कष्टाळू असतात, अनेकदा रुग्णांशी अतिशय प्रेमाने वागतात आणि त्यांच्याशिवाय दवाखाना चालणार नाही, हे सगळे खरेच आहे. तरीही सहायक आणि परिचारिका यांच्यातली रेषा पुसून चालत नाही. नंबर लावणे, केस पेपर शोधून देणे, वजन करणे, रुग्णाला आत नेणे ही कामे सहायकाने करावीत. औषध अंगात जाईल किंवा कातडीला छेद जाईल अशी कामे तिच्याकडे देऊ नयेत.

एएनएम, जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंग यांत काय फरक आहे?

बारावीनंतरचा एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका, हा अभ्यासक्रम २ वर्षांचा आहे. त्याचा भर गाव आणि वस्तीपातळीवरील आरोग्य, लसीकरण, बाळंतपण आणि प्राथमिक उपचारांवर असतो. जीएनएम, म्हणजे सर्वसाधारण परिचर्या व प्रसाविका, हा अभ्यासक्रम ३ वर्षांचा असून त्यात रुग्णालयातील सर्वसाधारण परिचर्येचे सखोल प्रशिक्षण मिळते. बीएस्सी नर्सिंग ही ४ वर्षांची विद्यापीठीय पदवी आहे. नोंदणीनंतर पहिल्या दोघींना आपल्याकडे अनुक्रमे आरएएनएम आणि आरजीएनएम असे म्हटले जाते; यातला ‘आर’ म्हणजे नोंदणीकृत. एका डॉक्टरच्या दवाखान्यात बहुधा एएनएम आढळते आणि तपासणी-उपचारांच्या नेहमीच्या कामासाठी तिचे शिक्षण पुरेसे असते. मात्र खाटा असतील, शस्त्रक्रिया होत असतील किंवा गंभीर रुग्ण ठेवले जात असतील, तर जीएनएम किंवा पदवीधर परिचारिका असायलाच हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोंदणी कुठे होते आणि ती खरी आहे हे कसे तपासावे?

महाराष्ट्रात परिचारिकांची नोंदणी मुंबई येथील महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. तिचा कायदेशीर पाया १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम हा आहे. देशपातळीवर १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय परिचर्या परिषद अभ्यासक्रम ठरवत आली आहे आणि तिच्या जागी नवी रचना आणणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग अधिनियम संसदेने २०२३ मध्ये संमत केला. नोंदणी एकदा करून भागत नाही, तिचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. म्हणून कामावर घेताना केवळ गुणपत्रिका न पाहता नोंदणी प्रमाणपत्रावरची मुदत पाहावी, आणि त्याची प्रत दवाखान्यातील फाइलमध्ये ठेवावी. डॉक्टरांचे प्रमाणपत्र भिंतीवर लावण्याची पद्धत आहे. त्याशेजारी परिचारिकेचे प्रमाणपत्र लावले तर तिच्याविषयीचा आदर वाढेल आणि रुग्णाचाही विश्वास बसेल.

दवाखान्यात परिचारिकेचे मुख्य काम कोणते?

लोकांना वाटते की इंजेक्शन देणे. प्रत्यक्षात इंजेक्शन हा तिच्या कामाचा लहानसा भाग आहे. रुग्णाकडे नीट पाहणे, धोक्याची खूण ओळखणे, ती वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे आणि जे केले ते लिहून ठेवणे, हे तिचे खरे काम आहे. नंबर ४२ च्या माणसाला छातीत दुखते आहे आणि त्याला घाम फुटला आहे, हे बाहेरच्या बाकड्यावर जिच्या लक्षात येते आणि जी त्याला नंबर मोडून आत नेते, तिने त्या दिवशी सर्वांत मोठे काम केलेले असते.

यासाठी मोजमापे अचूक हवीत. रक्तदाब घेण्यापूर्वी रुग्णाला ५ मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसू द्यावे. दंडाचा पट्टा त्याच्या दंडाच्या मापाचा असावा, हात हृदयाच्या पातळीवर आधार देऊन ठेवावा आणि मोजताना त्याच्याशी बोलू नये. आधीच्या अर्ध्या तासात चहा, विडी, तंबाखू किंवा मिश्री घेतली आहे का हे विचारावे. मिश्रीचा प्रश्न वयस्क बायकांना आवर्जून विचारावा, कारण तो विचारल्याशिवाय त्या सांगत नाहीत आणि मिश्रीला तंबाखू मानतही नाहीत. जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाचा दाब लगेच मोजून त्यावर गोळी वाढवली गेली, तर दोष यंत्राचा नसतो. लहान मुलाचे वजन अंदाजाने लिहिण्याची सवयही तितकीच घातक आहे, कारण त्याच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते.

यापुढे श्वासांची संख्या, नाडी, तापमान, ऑक्सिजनचे प्रमाण, साखर, औषधांची ॲलर्जी, चालू असलेल्या गोळ्या, स्त्री रुग्ण असल्यास गर्भारपणाची शक्यता, हे सर्व डॉक्टरांपुढे तयार ठेवणे तिच्या कक्षेत येते. डॉक्टरांनी तपासल्यानंतर गोळ्या कशा घ्यायच्या, पथ्य काय, पुन्हा कधी यायचे आणि कोणते लक्षण दिसल्यास थांबायचे नाही, हे समजावणे हेही तिचेच काम आहे. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना प्रत्येक रुग्णासाठी मिळणारा वेळ लक्षात घेता, रुग्ण औषध बरोबर घेतो की नाही हे पुष्कळदा या दोन मिनिटांवर अवलंबून असते.

ती निदान करू शकते का?

नाही. ‘तुम्हाला टायफॉइड झाला आहे’ असे सांगणे हे निदान आहे आणि तो अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांचा आहे. ‘तुमचा ताप १०३ आहे, मी लगेच डॉक्टरांना सांगते’ असे म्हणणे ही परिचर्या आहे. अनुभवी परिचारिकेचा अंदाज बरोबर निघतो हे मान्य असले, तरी तिने तो डॉक्टरांजवळ बोलावा, रुग्णाजवळ नाही.

परिचारिका इंजेक्शन आणि सलाईन देऊ शकते का?

डॉक्टरांनी रुग्णाला तपासून लेखी आदेश दिला असेल आणि त्या प्रकारचे इंजेक्शन देण्याचे तिला प्रशिक्षण असेल, तर देऊ शकते. खासगी दवाखान्यातील परिचारिकेसाठी अमुक इंजेक्शने चालतील आणि तमुक नाही, अशी तयार यादी हाती घेऊन कोणी बसलेले नाही; म्हणून चार गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात : तिचे शिक्षण, तिची चालू नोंदणी, डॉक्टरांचा आदेश आणि त्या कामातले तिचे प्रत्यक्ष कौशल्य. यांपैकी एक जरी गळाली तरी तिने हात मागे घ्यावा. डॉक्टरांचा आदेशही त्यांच्या स्वतःच्या अधिकारात बसणारा असला पाहिजे. जे औषध देण्याचा अधिकार डॉक्टरांनाच नाही, ते त्यांच्या सांगण्यावरून देण्याचा अधिकार परिचारिकेला मिळत नाही.

स्नायूत द्यायचे साधे इंजेक्शन आणि शिरेतून द्यायचे औषध यांत मोठे अंतर आहे. शिरेतून गेलेले औषध परत घेता येत नाही आणि त्याचा परिणाम काही सेकंदांत दिसतो. त्यामुळे शिरेतील औषध, विशेषतः पहिला डोस, डॉक्टर दवाखान्यात हजर असतानाच द्यावा. प्रतिजैविक देण्यापूर्वी ‘याआधी कोणत्या औषधाने अंगावर पुरळ किंवा दम लागला होता का’ हे प्रत्येक वेळी विचारावे, मागच्या आठवड्यात विचारले होते म्हणून सोडून देऊ नये. रुग्ण बरोबर, औषध बरोबर, मात्रा बरोबर, मार्ग बरोबर, वेळ बरोबर आणि शेवटी नोंद बरोबर, ही शहानिशा सुई भरण्यापूर्वी मनात नव्हे तर ओठांवर झाली पाहिजे. फोडलेली कुपी इंजेक्शन होईपर्यंत फेकू नये.

इथे एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा’ ही मागणी आपल्याकडे सर्रास होते. उन्हाळ्यात तर फारच. ज्याला तोंडाने पाणी पिता येते त्याला बहुतेक वेळा सलाईनची गरज नसते आणि प्रत्येक अनावश्यक सुई संसर्गाची आणि रिॲक्शनची एक शक्यता घेऊन येते. रुग्णाच्या आग्रहावरून परिचारिकेने परस्पर सलाईन लावणे हे तिच्या मर्यादेच्या सरळ बाहेरचे आहे, मग रुग्ण ओळखीचा असो की शेजारचा.

इंजेक्शननंतर रिॲक्शन आली तर परिचारिकेने डॉक्टरांची वाट पाहावी का?

डॉक्टरांना हाक मारावी, पण हातावर हात ठेवून थांबू नये. श्वास घ्यायला त्रास, चेहरा किंवा ओठ सुजणे, अंगभर गांधी उठणे, नाडी क्षीण होणे ही गंभीर ॲलर्जीची चिन्हे आहेत आणि तिथे पहिले औषध ॲड्रिनॅलिन हेच आहे. प्रौढ व्यक्तीला १:१००० तीव्रतेचे ०.५ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. सरकारी लसीकरण कार्यक्रमात एएनएमला अशा प्रसंगी वयानुसार ॲड्रिनॅलिनचा एक डोस देऊन रुग्णाला पुढे पाठवण्याचे प्रशिक्षण दिले जाते. खासगी दवाखान्यात डॉक्टरांनी याविषयीचा कायमस्वरूपी लेखी आदेश आधीच सही करून ठेवावा, ॲड्रिनॅलिनची कुपी आणि सिरिंज एका ठरलेल्या डब्यात ठेवाव्यात आणि कुपीची मुदत दरमहा पाहावी. ज्या दवाखान्यात असा डबा नाही, तिथे इंजेक्शन देण्याचे काम परिचारिकेने स्वीकारू नये, इतके हे महत्त्वाचे आहे.

डॉक्टर दवाखान्यात नसताना ती काय करू शकते?

संध्याकाळी डॉक्टर ऑपरेशनला किंवा व्हिजिटला गेलेले असतात, दवाखाना मात्र उघडा असतो; नेमकी याच वेळी चूक होते. या वेळेत ती ठरलेले ड्रेसिंग बदलू शकते, बीपी आणि साखर मोजून लिहू शकते, पुढची वेळ देऊ शकते. नव्या रुग्णावर उपचार सुरू करू शकत नाही. जीव वाचवण्यासाठी लागणारे प्रथमोपचार मात्र तिने कोणालाही न विचारता करावेत : शुद्धीवर असलेल्या मधुमेही रुग्णाची साखर ७० च्या खाली गेली असेल तर तोंडाने ग्लुकोज देणे, आकडीचा झटका आलेल्या रुग्णाला कुशीवर वळवणे, वाहत्या जखमेवर दाब धरणे, श्वास आणि नाडी थांबली असेल तर छातीवर दाब देणे सुरू करणे.

त्यानंतर १०८ ला फोन करून रुग्णाला योग्य ठिकाणी पाठवावे. छातीतले दुखणे, एका बाजूची शक्ती जाणे, जोराची धाप, अंगावर न पिणारे निपचित बाळ आणि सर्पदंश हे रुग्ण दवाखान्यात बसवून ठेवायचे नसतात. सर्पदंशात तर दक्षिण सोलापूर, अक्कलकोट किंवा मोहोळकडून आलेला शेतकरी आधीच वाटेत बराच वेळ घालवून आलेला असतो. त्याला विष उतरवणारी लस उपलब्ध असलेल्या रुग्णालयात, म्हणजे बहुतेकांच्या दृष्टीने सिव्हिलला, ताबडतोब धाडणे हीच मदत.

फोनवरच्या आदेशाविषयीही विचारले जाते. तातडीच्या प्रसंगी फोनवरून सूचना घेता येते, पण ती ऐकून लगेच लिहावी, औषधाचे नाव आणि मात्रा डॉक्टरांना परत वाचून दाखवावी आणि ते आल्यावर त्यावर सही घ्यावी. रोजचा कारभार फोनवर चालवणे ही तातडी नव्हे.

ती औषधे देऊ किंवा सुचवू शकते का?

सुचवू शकत नाही. डॉक्टरांनी लिहिलेले आणि दवाखान्यातच उपलब्ध असलेले औषध हातात देणे वेगळे. १९४८ च्या औषधनिर्माण कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टचे आहे आणि डॉक्टरांनी स्वतःच्या रुग्णांना औषध देण्यापुरती त्यात सूट आहे. ही सूट डॉक्टरांची आहे. डॉक्टर नसताना परिचारिकेने कपाट उघडून ‘मागच्या वेळच्या त्याच गोळ्या’ देण्यासाठी ती वापरता येत नाही. पुड्या बांधून देताना पाकिटावर औषधाचे नाव आणि वेळ लिहिलेली असावी, कारण बिननावाच्या गोळ्या घेऊन रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे गेला की तिथे सगळा अंधार असतो.

लसीकरणात परिचारिकेची जबाबदारी कुठपर्यंत आहे?

बाळाला सुई टोचण्याच्या कितीतरी आधी ती सुरू होते. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात आणि सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीच्या वर असताना आणि वीज गेलेली असताना, हे सांभाळणे सोपे नाही. फ्रिजमधील तापमान सकाळ-संध्याकाळ लिहावे, लसी दारातल्या कप्प्यात ठेवू नयेत, त्याच फ्रिजमध्ये डबे किंवा पाण्याच्या बाटल्या ठेवू नयेत आणि वीज गेल्यावर दार उघडू नये. उष्णतेची भीती सगळ्यांना असते, पण गोठण्याची नसते. धनुर्वात, हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट यांसारख्या लसी एकदा गोठल्या की निकामी होतात. लस सतत योग्य थंडाव्यात ठेवण्याची साखळी तुटल्याची शंका असेल तर लस न वापरता डॉक्टरांना सांगणे हे परिचारिकेचे कर्तव्य आहे, लस कितीही महाग असली तरी. लस दिल्यानंतर बाळाला अर्धा तास दवाखान्यात थांबवावे आणि कार्डावर तारीख, लसीचा बॅच क्रमांक व पुढची तारीख लिहावी.

टाके घालणे, टाके काढणे, ड्रेसिंग, प्लास्टर?

स्वच्छ जखमेचे ड्रेसिंग आणि डॉक्टरांनी जखम पाहून सांगितल्यावर टाके काढणे हे तिच्या कक्षेत आहे. टाके घालणे, गळू कापणे, हाड बसवणे आणि प्लास्टर घालणे ही कामे डॉक्टरांची. तिने मदत करावी. मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम मात्र किरकोळ दिसली तरी दर वेळी डॉक्टरांना दाखवावी.

सरकारी आरोग्य केंद्रात एएनएम बाळंतपण करते, तांबी बसवते. मग खासगी दवाखान्यात का नाही?

सरकारी कार्यक्रमात तिला त्या कामाचे वेगळे प्रशिक्षण, लेखी मार्गदर्शक सूचना, ठरावीक औषधे देण्याची परवानगी आणि पुढे पाठवण्याची साखळी मिळालेली असते. बाळंतिणीला रक्तस्राव होऊ नये म्हणून द्यायचे ऑक्सिटोसिन किंवा झटके येत असताना मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस ही परवानगी त्या चौकटीत दिलेली आहे. सरकारी नोकरी सोडून खासगी दवाखान्यात आल्यावर कौशल्य बरोबर येते, चौकट येत नाही.

स्त्रीरोग आणि सोनोग्राफीच्या दवाखान्यात कोणती विशेष काळजी घ्यावी?

पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाची तपासणी करत असताना परिचारिकेने खोलीत हजर राहावे. पडदा, चादर आणि रुग्णाची संमती यांची काळजी तिने घ्यावी. सोनोग्राफी करण्याचा अधिकार तिला नाही. गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायदा १९९४ चा आहे आणि त्यानुसार गर्भाचे लिंग शब्दांनी, खुणेने किंवा इतर कोणत्याही प्रकारे कोणीही सांगता कामा नये. बाहेर बसलेली सासू पेढे की जिलेबी असे विचारते, तेव्हा हसून मान हलवणेदेखील गुन्हा ठरू शकते, हे दवाखान्यातल्या प्रत्येक मुलीला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. गर्भपाताच्या गोळ्या देणे हेही तिच्या अधिकाराबाहेर आहे. १९७१ च्या कायद्याने ते काम पात्र डॉक्टरांवरच सोपवले आहे.

सोलापुरात भाषेचा प्रश्न किती महत्त्वाचा आहे?

फार. पूर्व भागात घरात तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबे, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडून येणारे कन्नडभाषक, दखनी बोलणारे मुस्लिम रुग्ण आणि ग्रामीण मराठी बोलणारे शेतकरी, हे सगळे एकाच बाकावर बसलेले असतात. बाजारात किंवा कारखान्यात मराठी सहज बोलणारी आजी दुखणे सांगताना स्वतःच्या भाषेत जाते. अशा वेळी डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामधला पूल पुष्कळदा परिचारिकाच असते, आणि हे काम जबाबदारीचे आहे : रुग्णाने जे सांगितले तेच सांगावे, आपल्या समजुतीने आटोपशीर करू नये. पाळी, गर्भपात, गुप्तरोग, नवऱ्याची मारहाण यांविषयी बोलायचे असेल तेव्हा दहा-बारा वर्षांच्या नातीला किंवा सासूला दुभाषी म्हणून उभे करू नये.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट यंत्रमाग कामगारांची. मागाच्या खडखडाटात वर्षानुवर्षे काम केलेल्यांना कमी ऐकू येते आणि ते संकोचाने नुसती मान डोलावतात. त्यांना औषध समजावताना समोर बसून, सावकाश बोलावे आणि शेवटी ‘आता तुम्ही मला सांगा, कोणती गोळी कधी घ्यायची’ असे विचारावे. विडी कामगार महिलांपैकी अनेक जणी दुपारी विड्यांचा माल पोचवायच्या घाईत असतात. त्यांना डोस सांगताना ‘दुपारी जेवल्यावर’ म्हणण्याआधी त्या दुपारी जेवतात का, हे विचारणे शहाणपणाचे ठरते.

नोंदी ठेवण्याची सक्ती कशासाठी? छोट्या दवाखान्यात त्याला वेळ कुठे असतो?

वेळ काढावा लागतो. तारीख, वेळ, औषध, मात्रा, मार्ग, देणाऱ्याची सही : एवढी एक ओळ लिहायला अर्धे मिनिट पुरते. पुढे तक्रार झाली तर परिचारिकेच्या बाजूने बोलणारी तीच ओळ असते. नंतर खाडाखोड करून लिहिलेली नोंद मात्र न लिहिलेल्या नोंदीपेक्षा वाईट. रुग्णाची माहिती गोपनीय असते. केस पेपरचा फोटो ओळखीच्यांच्या व्हॉट्सॲप गटावर जाता कामा नये.

सुया आणि कचऱ्याबाबत नियम काय आहेत?

२०१६ चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम खाटा नसलेल्या दवाखान्यालाही लागू आहेत. रक्ताने माखलेला कापूस आणि पट्टी पिवळ्या पिशवीत, सुई काढलेली सिरिंज व सलाईनची नळी लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात आणि काचेच्या कुपी निळ्या खुणेच्या खोक्यात जातात. कचरा ४८ तासांहून जास्त साठवायचा नाही. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये, कारण सुई टोचण्याचे प्रसंग बहुधा तिथेच घडतात. कर्मचाऱ्यांना कामावर घेताना आणि दरवर्षी प्रशिक्षण देणे, तसेच हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस देणे ही दवाखाना चालवणाऱ्याची जबाबदारी याच नियमांत आहे. परिचारिकांनी ती हक्काने मागावी.

सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो २ तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते. भीतीने किंवा लाजेने गप्प राहणाऱ्या मुलींची मला सर्वांत जास्त काळजी वाटते.

परिचारिकेच्या हातून चूक झाली तर जबाबदार कोण?

दोघेही असू शकतात. नुकसानभरपाईच्या बाबतीत मालक आपल्या कर्मचाऱ्याच्या कामाला जबाबदार धरला जातो. स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या प्रकरणात, परिचारिकेने दिलेल्या चुकीच्या इंजेक्शनामुळे एका बालकाच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालकासाठी १२.५ लाख आणि आईवडिलांसाठी ५ लाख रुपयांची भरपाई कायम केली. त्या परिचारिकेची पात्रता आणि नोंदणी सिद्ध न होणे हा त्या निकालातला महत्त्वाचा मुद्दा होता. अपात्र व्यक्तीला कामावर ठेवणे हाच निष्काळजीपणा, असा त्याचा अर्थ दवाखानाचालकांनी घ्यावा.

फौजदारी बाजू परिचारिकांना सहसा कोणी सांगत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास ५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना तसे घडल्यास ती मर्यादा २ वर्षांची आहे. ही सवलत वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्या डॉक्टरांपुरती आहे, परिचारिकेला ती मिळत नाही. डॉक्टरांनी तोंडी सांगितले म्हणून आपल्या कुवतीबाहेरचे काम अंगावर घेणारी मुलगी किती मोठा धोका पत्करते, ते यावरून कळावे.

डॉक्टरांनी मर्यादेबाहेरचे काम सांगितले तर नकार कसा द्यावा?

वाद न घालता, पण स्पष्टपणे. ‘सर, मला याचे प्रशिक्षण नाही, तुम्ही करा, मी शेजारी उभी राहून मदत करते’ हे वाक्य पुरेसे आहे. मात्रा चुकीची वाटली तर ‘मॅडम, एकदा बघाल का’ म्हणून कागद पुढे करावा. चांगले डॉक्टर अशा प्रश्नांचा राग मानत नाहीत, उलट ज्या दवाखान्यात सिस्टर प्रश्न विचारते तिथे ते निर्धास्त असतात. वारंवार दबाव आला तर आदेश लेखी मागावा. तरीही फरक पडला नाही तर नोकरी बदलावी. नोंदणी गमावण्यापेक्षा ते बरे.

कामाच्या ठिकाणी सुरक्षेच्या कोणत्या तरतुदी आहेत?

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दोन माणसांच्या दवाखान्यालाही लागू आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. रुग्णाच्या नातेवाइकांनी हात उगारल्यास महाराष्ट्राचा २०१० चा वैद्यकीय सेवा संरक्षण कायदा नोंदणीकृत परिचारिकांनाही संरक्षण देतो. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे.

पगार किती असावा?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २० हजार रुपये मिळावेत, अशी शिफारस केली होती. प्रत्यक्षात सोलापूरच्या अनेक दवाखान्यांत त्यापेक्षा बरेच कमी दिले जाते. कमी पगारात अप्रशिक्षित मुलगी मिळते म्हणून प्रशिक्षित परिचारिकेला नाकारणे, ही या संपूर्ण विषयातली मूळ अडचण आहे, आणि ती डॉक्टरांनीच सोडवायची आहे.

परदेशात ‘प्रॅक्टिकल नर्स’ म्हणतात ती आणि आपली एएनएम एकच का?

जवळची आहे, एकच नाही. अमेरिकेत लायसेन्स्ड प्रॅक्टिकल नर्स साधारण वर्षभराचा अभ्यासक्रम करून एनक्लेक्स-पीएन ही परीक्षा देते; टेक्सास आणि कॅलिफोर्नियात तिला व्होकेशनल नर्स म्हणतात. ती डॉक्टर किंवा रजिस्टर्ड नर्सच्या देखरेखीखाली काम करते आणि शिरेतून कोणती औषधे द्यावीत यावर प्रत्येक राज्याचे वेगळे निर्बंध असतात. तिच्या शिक्षणात आपल्या एएनएमइतका प्रसूती आणि समाज-आरोग्याचा भर नसतो. त्यामुळे परदेशी जाण्यासाठी एएनएम प्रमाणपत्र आपोआप चालेल असे सांगणाऱ्या दलालांवर विश्वास ठेवू नये.

एएनएमनंतर पुढे शिकता येते का?

येते. नोंदणीकृत एएनएमला जीएनएमसाठी प्रवेश घेता येतो आणि जीएनएमनंतर २ वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवी मिळवता येते. दवाखान्यातील अनुभव असलेल्या मुली या अभ्यासक्रमांत चांगल्या चमकतात, कारण रुग्ण त्यांनी जवळून पाहिलेला असतो. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला राज्य आणि केंद्रीय परिषदेची मान्यता त्या वर्षासाठी आहे का, हे परिषदेच्या यादीत स्वतः पाहावे. संस्थेच्या माहितीपुस्तिकेवर विसंबून फी भरू नये.